दुखऱ्या बैलाला टोचलेली सुई: गिधाडांच्या ऱ्हासाचे प्रकरण

१९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगातल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी बहुधा सर्वांत जास्त संख्येने असलेला पक्षी मानला जायचा. भारतात त्याची नीट मोजदाद करावी असे फारसे कुणाला वाटलेच नाही. कावळे कोण मोजतो? गावाबाहेरच्या माळावर ढोर टाकले की थोड्या वेळात आभाळात घिरट्या सुरू व्हायच्या आणि दुपार कलायच्या आत तिथे फक्त सांगाडा उरायचा. २००७ च्या पाहणीत हाच पक्षी १९९२ च्या मानाने हजारात एक एवढाच उरलेला दिसला. त्याची भावंडे, म्हणजे लांब चोचीचे आणि निमुळत्या चोचीचे गिधाड, सुमारे ९७ टक्क्यांनी घटली होती.

एवढ्या कमी वेळात एवढी घट होण्यासाठी जंगल तुटले नव्हते, कुणी बंदूक घेऊन मागे लागले नव्हते, कुठला कारखानाही विष ओतत नव्हता. कारण होते डायक्लोफेनॅक नावाचे स्वस्त वेदनाशामक, जे आपण गुडघा दुखला तर घेतो. शेतकऱ्याने ते लंगडणाऱ्या बैलाला आणि कास सुजलेल्या गाईला दिले. देताना त्याचा हेतू चांगलाच होता. म्हणूनच हे प्रकरण मला इतर पर्यावरणीय प्रकरणांपेक्षा वेगळे आणि जास्त अवघड वाटते. इथे बोट दाखवायला खलनायक सापडत नाही. शिवाय कारण सापडून वीस वर्षे उलटली, उपायही माहीत आहे, तरी काम पुरे झालेले नाही.

ढोर मेल्यावर

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात गाई-बैल आणि म्हशी मिळून ३० कोटींहून अधिक जनावरे आहेत. यातली बरीच म्हातारपणाने किंवा आजाराने गोठ्यातच मरतात. मग त्या शरीराचे करायचे काय, हा प्रश्न गावाने शतकानुशतके एका ठरलेल्या साखळीवर सोडला होता. मेलेले जनावर गावकुसाबाहेर ओढत न्यायचे, कातडे सोलले जायचे, मांस गिधाडे खायची आणि उरलेली हाडे गोळा होऊन हाडांच्या गिरणीत जायची. ही व्यवस्था आठवून हळवे व्हायचे कारण नाही. त्यातले ओढण्याचे आणि सोलण्याचे काम जातीने लादलेले होते आणि त्या कामातून माणसे बाहेर पडली हे चांगलेच झाले. पण साखळीतला पक्ष्यांचा वाटा फुकट होता, रोजचा होता आणि त्याला पर्याय कुणी उभा केला नव्हता.

गिधाडाच्या जठरातले आम्ल इतके तीव्र असते की कुजक्या मांसातले बहुतेक जंतू तिथे टिकत नाहीत. त्यामुळे रोगाने मेलेल्या जनावराचा प्रवास गिधाडाच्या पोटात संपायचा, तो पुढे ओढ्यात किंवा विहिरीत जायचा नाही. मोठा थवा बसला तर एखाद्या गाईचे मांस तासाभरात साफ होते. हे काम कुत्री करू शकत नाहीत, कावळे आणि घारीही नाहीत. ते खातात, पण संपवत नाहीत.

भरतपूरपासून पाकिस्तानी पंजाबपर्यंत

पहिली घंटा राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात वाजली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश तिथे १९८० च्या दशकात गिधाडांच्या घरट्यांचा अभ्यास करत होते. त्या काळी उद्यानात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी होती. १९९६ च्या सुमारास ते पुन्हा मोजायला लागले तेव्हा ती निम्म्याहून कमी झाली होती आणि झाडांखाली मेलेले पक्षी पडलेले होते. जिवंत पक्षी मान खाली टाकून तासन्‌तास फांदीवर बसून राहायचे आणि एक दिवस खाली पडायचे. काही वर्षांत तिथे एकही घरटे उरले नाही. २००० मध्ये देशभर झालेल्या पाहणीने भरतपूर हा अपवाद नसल्याचे दाखवले. दहा वर्षांपूर्वीच्या त्याच रस्त्यांवरून पुन्हा फिरताना नव्वद टक्क्यांहून अधिक पक्षी गायब होते.

सुरुवातीला सर्वांचा संशय साथीच्या रोगावर होता, आणि तो गैर नव्हता. एवढ्या मोठ्या प्रदेशात एवढ्या वेगाने मृत्यू पसरतो तेव्हा विषाणूचाच विचार मनात येतो. कीटकनाशकांचीही चाचपणी झाली. उत्तर सापडले ते पाकिस्तानातल्या पंजाबात. अमेरिकी पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या गिधाडांची चिरफाड केली, तेव्हा बहुसंख्य पक्ष्यांच्या हृदयावर आणि यकृतावर खडूसारखा पांढरा थर आढळला. पक्षी नत्राचा निचरा युरिक आम्लाच्या रूपात करतात. मूत्रपिंड बंद पडले की ते आम्ल शरीरातच साचते आणि त्याचे स्फटिक अवयवांवर बसतात. म्हणजे पक्षी मूत्रपिंड निकामी होऊन मरत होते. पण मूत्रपिंड कशाने गेले? विषाणू नाही, जड धातू नाही, कीटकनाशक नाही.

इथे या मंडळींनी एक साधा आणि फार हुशार प्रश्न विचारला: गिधाड खाते काय? पाळीव जनावरे. मग त्या जनावरांना अलीकडे नवीन काय दिले जाते आहे, पोटातून शोषले जाणारे आणि मूत्रपिंडाला त्रास देऊ शकणारे? पशुवैद्य आणि औषध दुकानदारांकडे चौकशी केल्यावर एकच नाव पुढे आले. मग नमुने तपासले. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या २५ पैकी २५ गिधाडांत डायक्लोफेनॅक सापडले, अन्य कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. २००४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. पर्यावरणाच्या प्रश्नांत इतका स्वच्छ पुरावा फार क्वचित मिळतो.

शंभरात एकही नको

पेटंटची मुदत संपल्यावर डायक्लोफेनॅक अतिशय स्वस्त झाले आणि १९९० च्या दशकात भारतात ते जनावरांसाठी सर्रास वापरात आले. सूज, ताप, लंगडेपणा, कासेचा दाह, सगळ्यावर एकच सुई. दुसऱ्या दिवशी बैल उभा राहायचा. शेतकऱ्याला याहून चांगले औषध कोणते?

गाईच्या शरीरातून हे औषध काही दिवसांत निघून जाते. टोचल्यानंतर जनावर बरे झाले किंवा महिन्याने मेले तर गिधाडाला काहीच धोका नाही. धोका आहे तो टोचल्यावर दोन-तीन दिवसांत मेलेल्या जनावराचा. आणि वेदनाशामक नेमके कुणाला दिले जाते? अनेकदा जे मरायला टेकले आहे त्यालाच. गिधाडाला मारक ठरणारी मात्रा आहे वजनाच्या दर किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे चार-पाच किलोच्या पक्ष्याला फार तर एक मिलिग्रॅम. माणसाच्या नेहमीच्या एका गोळीत ५० मिलिग्रॅम असते.

त्यात गिधाडाची सवय अशी की एका मढ्यावर पन्नास-शंभर पक्षी एकत्र उतरतात. त्यामुळे एकच विषारी शरीर अख्खा थवा संपवते. संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा दिसले की उपलब्ध मेलेल्या जनावरांपैकी एक टक्क्याहून कमी जनावरांत घातक मात्रा असली तरी ही सगळी घट घडून येते. प्रत्यक्षात बंदीपूर्वी भारतात गोळा केलेल्या नमुन्यांत सुमारे दहा टक्के जनावरांत औषधाचा अंश सापडला होता. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षे लागतात. अशा पक्ष्याला दहातला एक घास विषारी मिळत असेल तर गणित कधीच जुळणार नाही.

‘थोडेसे चालते’ हा आपला प्रदूषणाबाबतचा नेहमीचा युक्तिवाद इथे पूर्ण कोसळतो. नव्वद टक्के शेतकरी जबाबदारीने वागले तरी पुरत नाही. नव्याण्णव टक्केही कमी पडतात.

रिकामी जागा

गिधाडे गेली, ढोरे मरायची थांबली नाहीत. मांस पडून राहू लागले आणि भटक्या कुत्र्यांची चंगळ झाली. २००८ मधल्या एका अभ्यासाने अंदाज बांधला की १९९२ ते २००६ या काळात गिधाडांच्या अभावामुळे देशात किमान ५५ लाख कुत्री जास्त वाढली आणि रेबीजने ४७ हजारांहून अधिक जादा मृत्यू झाले. २०२४ मध्ये एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी वेगळ्या वाटेने मोजमाप केले. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडे भरपूर होती आणि जिथे ती मुळातच कमी होती, त्यांच्या मृत्युदरांची त्यांनी तुलना केली. गिधाडांच्या जिल्ह्यांत एकूण मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढलेला आढळला. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा माणसे दगावली, असे त्यांचे अनुमान आहे. रेबीजसोबत नासलेल्या पाण्याचाही त्यात हात आहे. अनुमानात इकडे-तिकडे होऊ शकते. पण आकडा निम्मा धरला तरी तो आपल्या पर्यावरणीय दुर्घटनांच्या इतिहासात फार वरच्या ओळीत बसतो, आणि या मृत्यूंची कुठे नोंद नाही, स्मारक नाही, भरपाई नाही. एखाद्या पोराला कुत्रा चावला तेव्हा त्याचा संबंध गोठ्यातल्या सुईशी कोण लावणार?

मुंबईत हा ऱ्हास वेगळ्याच दाराने आत आला. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाज आपल्या मृतांना दोखम्यात, म्हणजे वरून उघड्या गोल मनोऱ्यात, ठेवतो आणि पुढचे काम गिधाडांचे असते. पक्षी दिसेनासे झाल्यावर तिथे सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले. पावसाळ्यात त्यांचा उपयोग मर्यादित. पिंजऱ्यात गिधाडे पाळण्याचा विचारही झाला, पण डायक्लोफेनॅक माणसांच्याही शरीरात असतेच. समाजातल्या काहींनी दहनाचा मार्ग स्वीकारला, काहींना तो मान्य नाही. एका औषधाने एका समाजाच्या अंत्यसंस्काराची रीत हलवली, हे औषधाच्या माहितीपत्रकात दुष्परिणाम म्हणून कुणी लिहिणार नाही.

बंदी आणि मोठी बाटली

सरकार हलले नाही असे म्हणता येणार नाही. संशोधन प्रसिद्ध झाल्यावर दोन वर्षांत, २००६ मध्ये, भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या उत्पादनावर बंदी घातली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे दुसरे वेदनाशामक गिधाडांवर तपासून सुरक्षित ठरले. पेटंट नसलेले, जनावरांना गुणकारी. कागदावर प्रकरण इथेच मिटायला हवे होते.

पण माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक विक्रीत राहिले, आणि ते ३० मिलिलिटरच्या बाटलीत मिळत होते. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर पुरते. मग तीस कशाला? ती बाटली बैलाच्या वजनाला बरोबर पुरायची, हे दुकानदाराला ठाऊक होते आणि कंपनीलाही असणारच. २००७ ते २०१० या काळात अभ्यासकांनी अकरा राज्यांतल्या अडीचशेहून अधिक औषध दुकानांत गिऱ्हाईक बनून जनावरासाठी वेदनाशामक मागितले. तिसऱ्या हिश्शाहून जास्त दुकानांनी डायक्लोफेनॅक पुढे केले. ही पळवाट बंद व्हायला २०१५ उजाडले. त्या वर्षी माणसांसाठीची बाटली ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरती मर्यादित करण्यात आली. त्याविरुद्ध उत्पादक न्यायालयात गेले आणि २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने निर्बंध कायम ठेवला. माझ्या मते या सबंध प्रकरणातला सर्वांत परिणामकारक निर्णय हाच. शेतकऱ्याला उपदेश न करता, कुणाचे मन न वळवता, फक्त बाटलीचा आकार बदलला. दहा बाटल्या फोडून बैलाला टोचणे महाग आणि कटकटीचे झाले.

तोवर दुसरीकडून पाणी शिरले होते. डायक्लोफेनॅकऐवजी पशुवैद्य इतर वेदनाशामके लिहू लागले. केटोप्रोफेन गिधाडांना मारते हे २०१० च्या सुमारास सिद्ध झाले. अॅसिक्लोफेनॅक तर गाईच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकमध्येच बदलते, म्हणजे बंदी घातलेले औषध वेगळ्या वेष्टनात. या दोन्हींवर जनावरांसाठी बंदी आली ती जुलै २०२३ मध्ये. त्यानंतर निमेसुलाइडची पाळी आली. फ्लुनिक्सिन अजून संशयितांच्या यादीत आहे. २०२० च्या राष्ट्रीय गिधाड संवर्धन आराखड्यातच सुचवले होते की एखादे औषध गिधाडांना घातक ठरले की ते जनावरांच्या वापरातून आपोआप बाद व्हावे. प्रत्यक्षात दर औषधासाठी नव्याने अभ्यास, नव्याने अर्ज, नव्याने समिती आणि नव्याने अधिसूचना. केटोप्रोफेनच्या बाबतीत पुरावा आणि बंदी यांत तेरा वर्षे गेली. पाच वर्षांनी वयात येणाऱ्या पक्ष्याच्या अडीच पिढ्या.

पिंजरा, उपाहारगृह आणि मेडिकल

गिधाड वाचवण्याच्या बातम्यांत आपल्याला बहुधा प्रजनन केंद्रे दिसतात. हरियाणातल्या पिंजोर इथल्या केंद्रात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तिन्ही जातींची पैदास यशस्वी केली, आणि ते काम खरोखर मोठे आहे. जानेवारी २०२४ मध्ये तिथून २० पक्षी महाराष्ट्रात, ताडोबा आणि पेंचमध्ये आणले गेले आणि त्यांना उपग्रहाशी जोडलेले टॅग लावून सोडण्यात आले. त्यांपैकी एक पक्षी तर तामिळनाडूपर्यंत जाऊन पोहोचला. गिधाडाला व्याघ्रप्रकल्पाची हद्द कळत नाही. ते दिवसाकाठी शेकडो किलोमीटरचा परिसर पालथे घालते आणि वाटेत जे मेलेले दिसेल ते खाते. त्यामुळे जंगल कितीही सुरक्षित असले तरी शंभर किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावातले मेडिकल सुरक्षित नसेल तर पिंजऱ्यात वाढवलेला पक्षी तिथल्या ढोरावर मरणार. फोटो मात्र पक्षी सोडतानाचा छापून येतो. औषधाच्या कपाटाचा कधी येत नाही.

स्थानिक पातळीवर महाराष्ट्रात चांगली उदाहरणे आहेत. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगाव परिसरात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी टिकली, त्यामागे सीस्केप संस्थेचे आणि गावकऱ्यांचे सातत्याचे काम आहे. घरट्यांची झाडे राखायची, मेलेले जनावर पुरण्याऐवजी ठरलेल्या जागी पक्ष्यांसाठी ठेवायचे. नाशिक आणि गडचिरोली जिल्ह्यांत वनविभागाने गावांच्या साथीने गिधाडांची उपाहारगृहे, म्हणजे मेलेली जनावरे पक्ष्यांसाठी ठेवण्याच्या जागा, चालवली. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे अजून घरटी करतात. अशा उपाहारगृहात ठेवलेल्या जनावराला शेवटच्या दिवसांत काय टोचले होते ते विचारले गेले पाहिजे, नाहीतर आपणच ताट वाढून विष देऊ. याला कागद लागत नाही. मालकाला आणि गावातल्या पशुधन पर्यवेक्षकाला विचारले तरी कळते.

सर्वांत पुढे गेला तो नेपाळ. तिथे नवलपरासी जिल्ह्यातल्या पिठौलीत २००६ मध्ये गावाने म्हाताऱ्या गाईंचा सांभाळ सुरू केला. गाय नैसर्गिक मरण आल्यावर, औषधाचा अंश उतरल्याची खात्री करून, गिधाडांसाठी ठेवली जाते. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे कार्यकर्ते दुकानोदुकानी फिरले, डायक्लोफेनॅकचा साठा परत घेतला आणि बदल्यात मेलॉक्सिकॅम दिले. २०१३ च्या सुमारापासून नेपाळमध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या चढू लागली. टॅग लावून सोडलेल्या पक्ष्यांत औषधाने मेलेला पक्षी आढळला नाही. भारतात २०१५ च्या पाहणीनुसार पांढऱ्या पाठीची सुमारे ६ हजार, लांब चोचीची १२ हजार आणि निमुळत्या चोचीची हजारभर गिधाडे होती. घसरण मंदावली एवढेच म्हणता येते.

बदल कुठे हवा

पहिला बदल औषध मंजुरीच्या टेबलावर हवा. जनावरांसाठीचे नवे वेदनाशामक बाजारात आणणाऱ्या कंपनीनेच ते मृतभक्षक पक्ष्यांना सुरक्षित आहे हे आधी दाखवावे. आज उलटे आहे. औषध विकले जाते, पक्षी मरतात, मग संस्था वर्गणी गोळा करून चाचणी करतात. मेलॉक्सिकॅम आणि नंतर सुरक्षित ठरलेले टॉल्फेनॅमिक आम्ल हे दोन पर्याय हातात असताना शेतकऱ्याचे काही अडणार नाही.

दुसरा बदल मेडिकलमध्ये. पशुवैद्याची चिठ्ठी नसताना जनावरासाठी इंजेक्शन विकले जाते, हे गावात कुणापासून लपलेले नाही. याला केवळ दुकानदाराची लबाडी कारणीभूत नाही. तालुक्याला दवाखाना असतो पण डॉक्टर दोन-तीन गावांच्या पलीकडे गेलेला असतो आणि म्हैस तर आत्ता तडफडते आहे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत मेलॉक्सिकॅम कायम शिल्लक असेल आणि माणूस वेळेवर पोहोचेल, तर बंदी पाळायला पोलीस लागणार नाहीत.

तिसरी गोष्ट दूध संघ आणि पांजरपोळांची. म्हातारी जनावरे आज मोठ्या संख्येने तिथे मरतात आणि औषधांची खरेदीही ठोक होते. एका संघाने खरेदीच्या यादीतून गिधाडांना मारणारी औषधे काढली तर शेकडो गावांचा प्रश्न एका सहीने सुटतो. शेतकऱ्याने एकट्याने करण्यासारखेही आहे. गुरांचा डॉक्टर आला की औषधाचे नाव विचारावे, मेलॉक्सिकॅम मागावे. भलतेच काही टोचले गेले असेल आणि जनावर आठवड्याच्या आत दगावले, तर ते उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात पुरावे.